बदल टाका

दादा आले तेव्हा मावशी गुडघ्याला मलम चोळत बसली होती. दार उघडलं ते भाच्याने.

मावशी खाजगी तपासाची कामं घ्यायची. खोटे विमे, फितूर भागीदार, हरवलेली आणि हरवल्याचं सोंग करणारी माणसं. भाचा बँकेतली नोकरी सोडून तिच्याकडे आला त्याला बरेच दिवस झाले होते. गाडी चालवणं, लोकांची दारं वाजवणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं ही त्याची कामं. त्यातलं तिसरं काम तो फुकटात करी.

दादांना सगळे दादा म्हणत, अर्थात बायको सोडून. माणूस चाळिशीचा, शर्ट इस्त्रीचा, पण एका गालावरची दाढी करायची राहून गेलेली. बसल्याबरोबर ते म्हणाले, "आमच्याकडे चोरी झालीय. म्हणजे चोरी नाही, त्याहून वाईट. कुणी काही नेलेलं नाही. पुसून टाकलंय."

दादांची कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि चार माणसं. ती 'फांदी' नावाचा एकच प्रोग्राम बनवत होती. प्रोग्राम लिहिणारे लोक आपलं काम वरचेवर एका इतिहासात जमा करतात, पुढे काही बिघडलं तर मागच्या चांगल्या दिवसावर परत जाता यावं म्हणून. हा इतिहास एरवी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत सांभाळावा लागतो. फांदी तोच इतिहास चित्रात दाखवी. मधे खोड, त्याला फुटलेल्या फांद्या, पुन्हा खोडाला येऊन मिळालेल्या फांद्या, आणि बाजूला बटणं. मावशीने हे दोनदा समजून घेतलं. भाच्याला एकदाही कळलं नाही, पण मान हलवण्यात तो कमी पडला नाही.

कंपनीतले जुनेजाणते प्रोग्रामर म्हणजे गुरुजी. चित्र भराभर काढणारा नवा भाग ते दीड-दोन महिने लिहीत होते. तो नसेल तर या आठवड्यात नवी फांदी गिऱ्हाइकाला देता येणार नव्हती. गुरुजींचा स्वभाव असा, की अर्धवट काम ते इतिहासातही घालत नसत.

"परवा संध्याकाळी सगळं पुरं झालं," दादा म्हणाले. "त्यांनी काम टाकलं आणि घरी गेले. काल सकाळी बघतात तर फाइलींत नाही आणि इतिहासातही नाही."

"टाकलं म्हणजे?"

"म्हणजे जमा केलं. आम्ही तसंच म्हणतो. काम टाकलं का, टाकलं."

संशय कुणावर ते दादांनी ठरवूनच टाकलं होतं. कंपनीत सगळ्यांत लहान असलेल्या मुलीला धाकटी म्हणत. ती येत्या सोमवारपासून दुसऱ्या, मोठ्या कंपनीत जाणार होती. परवा दुपारी तिनेच गुरुजींच्या मशीनवर फांदीची नवी आवृत्ती बसवली होती आणि संध्याकाळी कुलूप लावून जाणारीही तीच होती. शिवाय आठवड्याभरापूर्वी गुरुजी तिला सगळ्यांसमोर म्हणाले होते, की बटणं रंगवून कुणी प्रोग्रामर होत नाही. काल दादांनी तिच्याकडून चावी काढून घेतली आणि सर्वांदेखत तिला घरी पाठवलं.

"तिच्या नव्या साहेबांना मी आज फोन करणार आहे. असली मुलगी कुणाच्या पदरी पडू नये."

"एवढी खात्री आहे, तर माझ्याकडे का आलात?"

दादांनी खिशातला पेन काढला आणि परत ठेवला. "बायको म्हणाली, आधी नीट शहानिशा करा."

मावशीने मलमाच्या डबीला झाकण लावलं. मला विचारल्याशिवाय तो फोन करायचा नाही, एवढी एकच अट तिने घातली. दादांनी मान डोलावली.

जिन्यात भाचा मावशीच्या कानाशी लागला. "उघड आहे गं. चोराच्या मनात चांदणं."

"तू अजून चोर पाहिला नाहीस," मावशी म्हणाली, "आणि त्याचं मनही वाचून मोकळा झालास."

ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. खालच्या यंत्राची घरघर जमिनीतून पायांना लागायची. पहिल्या खोलीत दादांची बायको बसे, तिला सगळे वहिनी म्हणत. हिशेब, गिऱ्हाइकांची पत्रं आणि फांदीतले मराठी शब्द हे तिचं खातं. नवी आवृत्ती सर्वप्रथम आपल्याच मशीनवर, तीही मराठीत वापरायची, स्वयंपाक करणाऱ्याने आधी चव घ्यायला हवी, असा दादांचा हुकूम होता. त्यामुळे परवापासून चारही मशीनवर मराठी फांदी बसली होती.

"आधी बटणांवर ऐसपैस लिहिलेलं होतं," वहिनी सांगू लागली. "ह्यांनी सांगितलं, दोन शब्दांच्या वर जायचं नाही. मग मी कात्री चालवली." बोलता बोलता तिने आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "अहो, तुमचं टाकलंत का? मला पुढे न्यायचंय." आतून दादांचं "टाकलं" आलं.

तिच्या शेजारी धाकटीचं टेबल होतं. वर एक कप, तळाशी चहाचा वाळलेला थर. मावशीने त्याच्याकडे पाहिलं, तशी वहिनी खाली बघत म्हणाली, "टाकवेना मला तो. कान तुटलाय, तरी." मग हळूच म्हणाली, "तिने हे केलं असेल असं मला वाटत नाही. पण काल ती माझ्याकडे बघत होती, आणि मी काही बोलले नाही." तिने तो कप उगाचच थोडा बाजूला सरकवला.

गुरुजी आतल्या खोलीत खिडकीशी बसले होते. पन्नाशी ओलांडलेला सडपातळ माणूस, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. कंपनीतल्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलं होतं, धाकटीलाही.

"परवा काय झालं ते सांगा," मावशी म्हणाली.

"मी बदल टाकले आणि निघालो. ह्या हातांनी." त्यांनी हात पाहिले. "त्यानंतरचं मला माहीत नाही."

"जमा झालेलं कुणी पुसू शकतं?"

गुरुजींमधला शिक्षक जागा झाला. पुसता येतं, पण खूण राहते, असं त्यांनी सांगितलं. पाटीवरचं पुसलं तरी फडक्याचा पट्टा दिसतो, तसं.

"इथे तशी खूण आहे?"

"नाही."

"आणि आधीचा इतिहास?"

"जसाच्या तसा आहे."

तुम्ही काम कसं टाकता ते करून दाखवा, असं मावशीने सांगितलं. गुरुजींनी काळा पडदा उघडला आणि भराभर आज्ञा टाइप केल्या. "आणि फांदीतून?" या प्रश्नावर ते जरा थांबले, मग त्यांनी फांदी उघडली. चित्र छान होतं आणि बटणांवरची अक्षरं इंग्रजी होती. भाच्याला बरं वाटलं, कारण वहिनीच्या मशीनवरच्या मराठी शब्दांपेक्षा ही त्याला लवकर वाचता आली.

"धाकटीनेच केलं असं तुम्हालाही वाटतं?"

"मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही. दादांनी ठरवलं ते." गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

धाकटीचे वडील शिंपी होते. रस्त्यावर दुकान, मागे घर. वाटेत मावशी गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला औषधांच्या दुकानात शिरली आणि भाच्याला म्हणाली, "पुढे हो, पण तोंड मिटून बस." पहिला अर्धा भाग त्याने तंतोतंत पाळला.

दुकानात दोन बायका ब्लाउजची मापं देत होत्या. वडील मशीनवर होते आणि धाकटी खाली बसून हातशिलाई करत होती. भाच्याला वाटलं, लोखंड तापलंय तोवर घाव घालावा. तो उंबऱ्यातूनच बोलला, आणि त्याचा आवाज मुळातच मोठा.

"ऑफिसातलं काम पुसून टाकलंत ते सरळ कबूल करा. म्हणजे पोलिसांपर्यंत जायला नको."

शिलाई मशीन थांबलं. वडिलांनी मुलीकडे पाहिलं. आपल्याला दोन दिवस रजा आहे, असं तिने घरी सांगितलं होतं. एक बाई मापाचा ब्लाउज पिशवीत घालून "नंतर येते" म्हणाली आणि निघाली, दुसरीही तिच्यामागे गेली. धाकटीच्या हातातली सुई कापडात अर्धी शिरून तशीच राहिली होती. तिच्या चेहऱ्याकडे भाच्याला बघवेना. आपण काहीतरी वाईट केलं हे त्याला कळलं, पण ती खरंच दोषी असेल तर नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली.

मावशी आली आणि एका नजरेत सगळं ओळखून चुकली. ती भाच्याला काही बोलली नाही, हे त्याला जास्त लागलं. धाकटीला घेऊन ती मागच्या पायरीवर बसली.

धाकटी रडली नाही. गुरुजी उठून गेल्यानंतर आपण खोल्या बंद केल्या, त्यांच्या मशीनला दुपारनंतर हात लावला नाही, एवढंच ती म्हणाली. कालच हे का सांगितलं नाही, या प्रश्नावर तिने खांदे उडवले. "सांगितलं की. पण एकदा नजर बदलली, की आपलं खरंसुद्धा आपल्यालाच खोटं वाटायला लागतं."

"नव्या आवृत्तीत तू काय काय केलंस?"

"मीटिंगमध्ये सांगत होते. दादा फोनवर होते आणि गुरुजी रंगकाम म्हणून उठून गेले." ती बोटाने पायरीवर चौकोन काढू लागली. "बटणं लहान केली. एका बटणाचा लाल रंग काढला, तो ठेवा म्हणत होते मी, पण दादांच्या डोळ्यांवर येत होता. नोंदवायचं, म्हणजे काम जमा करायचं बटण आता दोन ओळी माहिती लिहिल्याशिवाय उमटतच नाही, कारण लोक न लिहिताच जमा करतात. आणि फेकलेल्या गोष्टीला थोडे दिवस जिवंत ठेवायची सोय केली. ती मला सगळ्यांत आवडली होती."

परत निघताना मावशीचा गुडघा बोलायला लागला, म्हणून दोघं कोपऱ्यावरच्या टपरीत बसली. चहा फिका होता. साखरेची पुडी पुढे करत मावशी म्हणाली, "हं, टाक." भाच्याने सगळी साखर कपात ओतली. रिकाम्या पुडीचा कागद चुरगळून मावशीने त्याच्या हातात दिला. "हा टाक." भाच्याने तो कोपऱ्यातल्या डब्यात भिरकावला.

मावशीने कप तोंडापर्यंत नेला होता. तो तसाच खाली ठेवून ती उठली.

"चल, ऑफिसात जाऊ."

"चहा?"

"तो तू पी. तुझ्यामुळेच सुटलं."

कसं काय ते भाच्याला कळलं नाही. आजच्या दिवसात आपल्यामुळे काही सुटलं असेल असं त्याला वाटेनासं झालं होतं.

वहिनीच्या मशीनपुढे मावशीने सर्वांना जमवलं. दादा, वहिनी, गुरुजी आणि दाराशी भाचा. खाली झेरॉक्सचं यंत्र घरघरत होतं.

"सूड घेणारा माणूस हात आखडता घेत नाही," मावशीने सुरुवात केली. "इथला जुना इतिहास शाबूत आहे. गेलं ते फक्त जमा न झालेलं काम. जमा झालेलं पुसलं असतं तर खूण राहिली असती, असं गुरुजीच म्हणाले. खूण नाही. म्हणजे काम जमा झालंच नव्हतं."

"पण गुरुजींनी टाकलं होतं," दादा म्हणाले.

"टाकलं होतं. गुरुजी एक अक्षर खोटं बोललेले नाहीत." मावशी भाच्याकडे वळली. "मघाशी मी तुला साखर टाक म्हणाले, तू काय केलंस?"

"कपात टाकली."

"आणि कागद टाक म्हणाले तेव्हा?"

"टाकला की. डब्यात." बोलताना भाचा स्वतःच थबकला.

"वहिनी, तुमच्या फांदीत एक बटण दाखवा. केलेले बदल नको असतील तर दाबायचं, ते."

वहिनीने बोट ठेवलं. बटण फिकट राखाडी होतं आणि त्यावर दोनच शब्द होते. बदल टाका.

"आधी काय होतं इथे?"

"'केलेले बदल टाकून द्या'," वहिनीचा आवाज खाली गेला. "दोन शब्दांत बसवायचं होतं."

"टाकून द्या म्हटलं की फेका. नुसतं टाका म्हटलं की ज्याला जे वाटेल ते. या ऑफिसात तर दिवसभर 'टाकलं का' हाच गजर आहे, आणि त्याचा इथे अर्थ होतो जमा केलं का. आता असा माणूस घ्या, ज्याने आयुष्यभर काळ्या पडद्यावर काम केलं, बटणांना खेळणी म्हटलं. हुकूम म्हणून तो परवा पहिल्यांदा फांदी उघडतो. नोंदवायचं बटण तर माहिती लिहिल्याशिवाय दिसतच नाही. समोर एकच बटण. वहिनी, दाबलं की काय विचारतं?"

"सगळे बदल टाकायचे का."

"तो हो म्हणतो. मग?"

वहिनीने वाचलं, "'शिल्लक बदल नाहीत.'"

"काम जमा झालं तरी हेच येतं?"

"हेच."

"म्हणजे तो समाधानाने घरी जातो," मावशी म्हणाली.

दादा गुरुजींकडे पाहायला लागले, तसे गुरुजींनी डोळे मिटले.

"इथपर्यंत चूक आहे, आणि ती एकट्याची नाही. शब्द वहिनींनी छाटला, छाटायला दादांनी लावलं, धोक्याचा लाल रंगही दादांनीच काढायला लावला. यापुढचं मात्र चूक म्हणून सोडता येत नाही." मावशीचा आवाज चढला नाही. "चारही मशीनवर मराठी फांदी होती. गुरुजींच्या मशीनवर आज इंग्रजी आहे. गुरुजी, भाषा कधी बदललीत?"

गुरुजींनी चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली. "काल. ती जिना उतरत होती तेव्हा. ते बटण कुणी वाचू नये म्हणून."

"आणि बटण कधी लक्षात आलं?"

"ती चावी देत होती तेव्हा." गुरुजींनी चष्मा काढून हातात धरला. "दादा ओरडत होते आणि मी पडद्याकडे बघत होतो. तेवढ्यात वाचलं. तोंड उघडलं होतं मी. पण मनात आलं, हे लोक हसतील. पंचवीस वर्षं इतरांना शिकवलं आणि स्वतःला बटण वाचता आलं नाही. मग वाटलं, ती तर जाणारच आहे, मला इथेच बसायचंय. एकदा गप्प बसलो, की पुढचं गप्प बसणं सोपं गेलं. लाज वाटते मला, बाई. चुकीची नाही, ती कुणाचीही होते. त्या गप्प बसण्याची."

मावशीने त्यांना त्यांच्या मशीनपाशी नेलं आणि कॉम्प्युटरची कचरापेटी उघडायला सांगितली. गुरुजी म्हणाले, असलं काम फेकलं की कायमचं जातं, पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. तरी त्यांनी ती उघडली. त्यांच्या सगळ्या फाइली तिथे ओळीने पडल्या होत्या, एकही कमी नाही.

"फेकलेलं थोडे दिवस जिवंत राहावं, ही सोय धाकटीने नव्या आवृत्तीत केली," मावशी म्हणाली. "तिला तुमचं काम नष्ट करायचं असतं, तर ही पेटी तिने आधी रिकामी केली असती. मीटिंगमध्ये ती हेच सांगत होती. रंगकाम म्हणून तुम्ही उठलात."

गुरुजी खुर्चीत बसले ते उठेचनात. वहिनी दादांना म्हणाली, "बरं झालं, तो फोन तरी केला नव्हता."

दादांनी इस्त्रीच्या शर्टाची बाही उगाच ओढली. मावशीच्या लक्षात आलं.

"केलात ना?"

"सकाळी. तुमच्याकडून निघालो आणि लगेच." दादांनी बाही पुन्हा ओढली. "ते म्हणाले, बरं झालं वेळेवर सांगितलंत."

"आता परत करा. इथेच, आम्हाला ऐकू येईल असा."

दादांनी फोन लावला. आपण खोटं बोललो, असं तीन वेगवेगळ्या वळणांनी सांगायचा प्रयत्न केल्यावर शेवटी त्यांनी ते सरळ सांगितलं. पलीकडचे साहेब म्हणाले, उद्या विचार करून कळवतो. ते 'उद्या' फोनमधून सगळ्यांनीच ऐकलं. वहिनीने उठून धाकटीचा कप धुतला आणि पुसून पिशवीत घातला.

संध्याकाळी शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. गुरुजी आत गेले आणि वडिलांसमोर उभं राहून सगळं बोलले, स्वतःला न वाचवता. दादा मागे होते. त्यांच्याही तोंडून माफी आली आणि फोनचंही आलं. वडील ऐकत होते, मशीनवरचा हात न काढता. धाकटीने गुरुजींना एकच विचारलं.

"पेटीत सगळं मिळालं? फाइलींच्या नावांसकट?"

"सगळं."

"म्हणजे चालते ती सोय," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद आला, आणि गुरुजींना तेच सोसलं नाही. ते तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिले.

मग भाचा पुढे झाला. वडिलांच्या जवळ वाकून, खालच्या आवाजात, सकाळी माझं चुकलं, मुलीचा काही दोष नव्हता, असं तो कसंबसं म्हणाला.

वडिलांनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "सकाळी दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. समोरचा किराणावालासुद्धा बाहेर येऊन बघत होता. तेव्हा तुमचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. आता हळू का बोलता?"

भाच्याने मावशीकडे पाहिलं. मावशी बाहेर कट्ट्यावर बसली होती, आणि ती त्याच्या मदतीला येणार नव्हती. रस्त्यावर वर्दळ होती. किराणावाला दुकानाच्या दारातच उभा होता. सकाळचीच एक बाई मापाची पिशवी घेऊन येताना दिसत होती, पण आत यावं की नाही याच्या विचारात ती थांबली.

भाचा उंबऱ्यात जाऊन उभा राहिला. सकाळी जिथे उभं राहून बोलला होता, तीच जागा होती.

"ह्यांच्या मुलीने काही केलेलं नाही," तो ओरडला. "मी खोटं बोललो होतो."

किराणावाल्याला नीट ऐकू गेलं नसावं. त्याने कानामागे हात धरला. भाच्याने ते पुन्हा, आणखी मोठ्याने सांगितलं.

बाई पिशवी सावरत आत आली. मागे शिलाई मशीन सुरू झालं.